छ्यामामा आणि न उघडलेलं इंजिन

कुठलीही गाडी पहिल्यांदा समोर आली की छ्यामामा तिचं बॉनेट उघडत, आत वाकून बघत आणि म्हणत, "छ्या." मोठ्यानं नाही. भातात खडा लागल्यावर माणूस जेवढं तोंड वाकडं करतो तेवढंच आणि तेवढ्याच आवाजात. मग बॉनेट लावत, कमरेच्या फडक्याला हात पुसत आणि मालकाकडे असं बघत, की या माणसानं घरी म्हातारी आई उपाशी ठेवली आहे अशी बघणाऱ्यांची खात्रीच व्हावी. आमच्या बहादरपुरात त्यांना हे नाव कुणी ठेवलं ते मला ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. मला त्या माणसाची पंधरा वर्षं किळस येत आली आणि त्याच्यावाचून माझा एक रविवार गेला नाही.

किळस म्हणजे अगदी पोटातून येणारी किळस. ऑइलची पट्टी बाहेर काढली की मामा तिच्या टोकावरचा काळा थेंब अंगठ्यात आणि बोटात चोळत, मग हुंगत आणि तरी शंका राहिली तर जिभेला लावत. तुळशीकडे पाठ करून थुंकत आणि त्याच हातानं आमच्या घरचा चहा घेत. माझी बायको त्यांच्यासमोर पोह्यांची बशी ठेवताना भिंतीकडे बघायची. एकदा न राहवून मी म्हणालो, "मामा, अहो विष आहे ते."

"हो ना," ते म्हणाले. "अन् तू तेच महिनोन्महिने तिले पाजतो. मी एक थेंब चाटला तं तुले ओकारी येते."

ती म्हणजे आमची जीप. वडिलांनी घेतलेली, डिझेलची, चारही चाकांना जोर असलेली. दापोऱ्याच्या आमच्या शेतात काळी माती आहे. पाऊस झाला की तिथे ट्रक सोडा, ट्रॅक्टरसुद्धा जागेवरच चाक फिरवत बसतो. केळीचे घड बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे तर ही जीपच लागे. मामा कागद कारखान्यात फिटर होते. कारखान्याच्या कॉलनीत केळी पोचवता पोचवता वडिलांची त्यांच्याशी ओळख झाली आणि जीप त्यांच्या हाती गेली. नोकरी संपली, बायको वारली, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हा मामांनी नदीपलीकडे जैनाबादला एक खोली घेतली. दर रविवारी सकाळी सायकल मारत आमच्या अंगणात हजर. वडील गेले आणि जीप माझ्याकडे आली, तशी जीपबरोबर मामाही आले. त्यात मला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

माणसांची त्यांना जी घृणा होती ती सगळी गाड्यांवरून आलेली होती. स्टँडवरचा एखादा जीपवाला सकाळी किल्ली फिरवताच ऍक्सिलरेटर दाबून इंजिन घुमवायला लागला, की मामांच्या चेहऱ्यावर अक्षरशः वेदना उमटायची. "झोपेतून उठल्या उठल्या तुले कोणी पळवलं तं कसं होईल?" असं ते त्या परक्या माणसाला सरळ जाऊन विचारत. "ऑइल खाली बसलं असते रातभर. त्याले वर जाऊ दे. एक मिनिट. बिडी नाही पेटवत का तू तेवढ्यात?" बागेतून भरलेली जीप ओढून आणली की लगेच बंद करू देत नसत. धापा टाकणाऱ्या माणसाचं नाक कुणी दाबत नाही, असं म्हणत ते तिला उभ्या उभ्या शांत होऊ देत. मी घामानं चिंब, माश्या तोंडावर, केळीचा चीक शर्टभर काळा पडलेला, आणि हा म्हातारा हात वर करून म्हणतोय, थांब.

डिझेल भरण्याचं तर त्यांचं सोवळंच होतं. मेव्हणीचा साखरपुडा होता. आम्ही सगळे नटूनथटून जीपमध्ये आणि मामा पुढे, कारण त्यांनाही बुऱ्हाणपुरात उतरायचं होतं. पंपावर वळलो तर तिथे टँकर उभा, टाकीत डिझेल उतरवत होता. मामांनी स्टीअरिंगवर हात ठेवला. "इथं नाही. टँकर खाली होतो तेव्हा टाकीचा सगळा तळ ढवळून वर येते. तो गाळ तुले पाहिजे काय?" दुसरा पंप आठ किलोमीटर उलट्या दिशेला होता. अंगठ्या घालून झाल्यावर आम्ही पोचलो. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि त्या दोन दिवसांत मी मामांना मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही.

पण एअर फिल्टरचा दिवस त्याहून वाईट असे. आमच्या जीपच्या फिल्टरला खाली ऑइलची वाटी आहे, हवेतली धूळ त्यात बसते. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतरस्त्यावर पिठासारखी धूळ उडते, तेव्हा मामा दर रविवारी ती वाटी उतरवत आणि तिच्या तळाशी जमलेल्या काळ्या लगद्यात मला बोट घालायला लावत. खरोखर बोट. "लोकं विचारते, गाडी डिझेल किती खाते? हवा किती खाते हे कोणीच नाही विचारत. डिझेलच्या कितीतरी पट हवा खाते ती. हे सगळं तिच्या छातीत गेलं असतं." दोनदा साबण लावूनही जेवताना त्या बोटाला वास येई. मी डाव्या हातानं चमचा धरायला त्या दिवसांत शिकलो.

चिखलात मी आळशासारखा वरच्या गिअरमध्येच रेटत राहिलो आणि इंजिन धडधडायला लागलं, की ते मागच्या घडांवर बसून ओरडत, "गळा नको दाबू तिचा. खालचा गिअर काय पोरीच्या लग्नात आहेर द्यायले ठेवला?" मजूर हसत. मालक मी, हसू माझंच.

या सगळ्या छळाला एक फळ होतं आणि ते मला नाकारता येत नाही. जीपचा मीटर चारदा फिरून शून्यावर आला होता, म्हणजे चार लाख किलोमीटर उलटून गेले होते आणि इंजिन एकदाही उघडलेलं नव्हतं. आसपासच्या गावांत तिच्या वयाच्या ज्या दोन-तीन जीपा होत्या त्यांची इंजिनं दोनदोनदा खोलून झाली होती. ट्रॅक्टरवाले मुद्दाम थांबून आमचं इंजिन ऐकत. मामांचा एकच हट्ट होता. "मी आहे तोपर्यंत हे उघडायचं नाही." मला तो फिटरचा तोरा वाटे. शेवटची काही वर्षं तर ते केळीच्या उलट्या क्रेटवर बसून नुसतं सांगायचे आणि बोल्ट मला आवळायला लावायचे. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तुकड्यांची, फट बघायची पातळ पट्टीसुद्धा माझ्याच हातात. "मालकाले आलं पाहिजे," म्हणायचे. मी मनात म्हणायचो, म्हातारा आळशी झाला. पोहे मात्र दोन बशा लागतात.

मग माझ्या चुलतभावाचं लग्न निघालं, ऐन वैशाखात. मामा पंधरा दिवस मुलीकडे जायला निघाले होते. जाण्याआधी अंगणात येऊन त्यांनी मला बजावलं, "भाऊ, वरातीले जीप नको देऊ. मुंगीच्या चालीनं चालवशील, वरून हे ऊन. उभ्या उभ्या तिले हवा लागत नाही."

"नाही देत, मामा," मी म्हणालो.

आणि दिली. नवरदेव उघड्या जीपमधूनच येणार, असं सगळ्या भाऊबंदांनी ठरवलं होतं आणि नाही म्हणायला लागणारा कणा माझ्याकडे नव्हता. त्यात आम्ही पडलो केळीवाले. दुसऱ्यांच्या गाडीला फुलांच्या माळा, आमच्या गाडीला घडासकट दोन अख्ख्या केळी, पुढच्या जाळीवर आडव्या बांधलेल्या आणि त्यांची पानं जाळीभर पसरलेली. वर झेंडूचे हार. फोटो फार छान आले. इंजिनला वारा मिळायची जी एकुलती एक जागा, ती आम्ही आमच्याच बागेतल्या केळींनी बुजवली होती. अडीच तास ती जीप बँडच्या मागे पावलापावलानं सरकत होती आणि मी, पन्नाशीला आलेला माणूस, स्टीअरिंग मेव्हण्याकडे देऊन तिच्यापुढे नाचत होतो. कपाळावर गुलाल, काखेत घाम, तोंडात कुणाचं तरी सुपारीचं खांड. आज ते आठवलं तरी अंगावर शहारे येतात, आणि ते आनंदाचे नव्हेत.

मांडव दोनशे पावलांवर असताना मेव्हणा ओरडला की तापमानाचा काटा वर गेलाय. मी पाहिलं. काटा पार शेवटाला टेकला होता. बंद करून उभी ठेवायला हवी होती, तासभर, हे मला माहीत होतं. पंधरा वर्षं मी दुसरं काय ऐकलं होतं? पण मागून लोक म्हणत होते, मुहूर्त, मुहूर्त. मी फडकं धरून रेडिएटरचं झाकण काढलं, वाफेचा लोट आला, आणि कुणीतरी जेवणाच्या मांडवातून बादली आणून दिली. पिण्याच्या पाण्याच्या पिंपातली. त्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते. ती मी रटरटणाऱ्या इंजिनात ओतली. आतून काच तडकल्यासारखा एक बारीक आवाज आला. बँडच्या गोंगाटात तो फक्त मलाच ऐकू आला.

जीप मांडवापर्यंत गेली, घरीही आली. पण रोज रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायला लागलं. स्टँडवरच्या एका ड्रायव्हरनं उपाय सांगितला, "हळद टाक, गळणं बंद होईल." घरात हळदी समारंभातली पुडी उरलीच होती. अर्धी पुडी टाकली. गळणं जरा थांबल्यासारखं वाटलं आणि मला हायसं वाटलं. मामांना कळणार नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

मुलीकडून परतल्यावर रविवारी ते आले. नेहमीसारखं बॉनेट उघडलं. मग मला विचारलं, "गरम झाली होती काय?"

"नाही मामा."

"वरातीले दिली?"

"नाही हो. म्हणालो होतो ना."

त्यांनी झाकण काढलं. आतल्या कडेला पिवळा थर बसला होता आणि त्याला हळदीत घातलेल्या अत्तराचा वास येत होता. मामांनी बोटावर तो थर घेतला, हुंगला, माझ्याकडे पाहिलं. पट्टी काढली, ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. पाणी आत शिरलं होतं. त्या दिवशी ते छ्या म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

"हेड उतरवायले लागंल," ते म्हणाले. हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, ते काढलं की इंजिन उघडलंच. मी म्हणालो, बुऱ्हाणपूरच्या वर्कशॉपला नेऊ. ते म्हणाले, "नाही. मी उतरवतो."

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. छ्यामामा इंजिन खोलणार म्हणून शेजारचा ट्रॅक्टरवाला आला, स्टँडवरचे दोघे ड्रायव्हर आले, त्यांत तो हळदवालाही होता. मामांनी फडकं अंथरलं, पाने ओळीनं मांडले, पहिल्या बोल्टवर पाना बसवला आणि जोर लावला. पाना थरथरायला लागला. आधी मला वाटलं बोल्ट गंजलाय. मग दिसलं की थरथर पान्यात नाही, दोन्ही हातांत आहे, मनगटापासून बोटांपर्यंत. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात धरला आणि पुन्हा जोर लावला. पाना सटकला, बोटांची सालटी निघाली. तिसऱ्यांदा लावला, पुन्हा सटकला. ट्रॅक्टरवाला दुसरीकडे बघू लागला. हळदवाला ड्रायव्हर तेवढा माझ्याकडे बघून गालात हसला. त्याच्या त्या हसण्याइतकी घाण गोष्ट मी जन्मात पाहिलेली नाही, आणि त्याला ते हसू मी मिळवून दिलं होतं.

मामांनी पाना माझ्या हातात दिला. "घे."

ते क्रेटवर बसले आणि सांगत गेले, मी करत गेलो. हेड उतरलं. दोन व्हॉल्व्हच्या मधोमध केसासारखी चीर होती. दुसरं हेड शोधून बसवायला आठवडा गेला. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला आवळत जायचे, एकदम नाही, तीन फेऱ्यांत, हे त्यांनी मला तेव्हा शिकवलं. सगळं करून जीप सुरू झाली. मामा नळावर हात धूत होते, रक्त सुकलेली ती बोटं. मी टॉवेल घेऊन उभा होतो.

"लोकाइले वाटायचं, मी गाडीसाठी जपतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हात कधीचेच गेले रे माझे. कारखान्यातच गेले. हे उघडायची पाळी येऊ नये म्हणून जपत होतो."

दर रविवारचं ते हुंगणं, ते चाटणं, ती वाटी, तो टँकर, सगळं त्यासाठी होतं. गाडी बिघडलीच नाही तर फिटरचे हात कोण बघतो? आणि मी, दोनशे पावलांसाठी, त्यांना चार लोकांसमोर उघडं पाडलं. वर खोटं बोललो. हळद घालून.

त्यानंतर ते आले नाहीत. महिन्याभरानं मुलगी त्यांना कायमचं न्यायला आली. मी स्टेशनवर गेलो. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"तू नको बोलू. रविवारी सकाळी जीप सुरू करशील तेव्हा फोन लाव आन् तिच्यापाशी धर. तिचं ऐकीन मी. तुझं नाही."

मी ते दीड वर्ष केलं. दर रविवारी थंड इंजिन सुरू करायचं, बॉनेट उघडायचं आणि फोन आत धरून उभं राहायचं. शेजारी हसायचे. मिनिटभरानं पलीकडून आवाज यायचा, "दुसऱ्या नंबरचा टॅपेट ढिला आहे," किंवा "ठीक." आणि फोन बंद. मी कसा आहे, बाग कशी आहे, काही नाही. मीही कधी विचारलं नाही, तुमचे हात कसे आहेत. टॅपेट मात्र त्यांनी सांगितलेलाच ढिला निघायचा.

मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी घरी पाहुणे होते. मी त्यांच्यात बसलो होतो, ताटलीत माव्याची गरम जिलेबी होती आणि बोटं पाकानं चिकट झाली होती. मी फोन लावायचा विसरलो, म्हणून मामांनीच लावला. जीप वीस पावलांवर अंगणात उभी होती. मला उठायचा कंटाळा आला. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

"मामा, जीप शेतात गेली आहे," मी म्हणालो. "ठीक चालते आहे एकदम."

"वाजते कशी?"

"नेहमीसारखी. टॅपेटही गुरुवारीच बघितले."

 मला वाटलं, ओळखलं. मग ते म्हणाले, "बरं. तू म्हणतो तं बरंच असंल." आणि थोडं थांबून, "आता दर रविवारी नको धरू तो फोन तिच्यापाशी. हात दुखत असंल तुझा. तू सांगत जा, बस."

मी बरं म्हणालो आणि जिलेबी संपवली.

बुधवारी मुलीचा फोन आला. पहाटे झोपेतच गेले होते. रडणं आवरून ती म्हणाली की रविवारपासून बाबा फार खुशीत होते, आल्यागेल्याला सांगत होते, बहादरपूरचा भाऊ आता खोटं बोलत नाही. हे तुम्हाला कळवावं असं वाटलं, असं ती म्हणाली. मी म्हणालो, बरं झालं सांगितलंत. जीप त्या रविवारी शेतात नव्हती, हे मी तिला सांगितलं नाही.